निरोगी, क्रमांक सत्तावीस

रुग्णालयाची रक्त तपासायची प्रयोगशाळा तळघरात होती. तिच्या खिडक्या पार छताला टेकलेल्या, आणि बाहेरची फरसबंद वाट त्यांना अगदी लागून गेलेली. त्यामुळे आत काम करणाऱ्यांना जगातली माणसं फक्त घोट्यापर्यंत दिसत. चपला, बूट, प्लास्टर घातलेला एखादा पाय, ओल्या छत्रीचं टोक. मऊताई एकवीस वर्षं त्या पायांखाली बसून काम करत होती.

मऊताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिच्या हातची सुई टोचलेली कळत नाही, म्हणून वॉर्डातल्या कुण्या आजोबांनी ते ठेवलं आणि ते तिला चिकटलं. आवाजही तसाच मऊ. "झालं हं," एवढंच ती म्हणायची, आणि पेशंट विचारायचा, "अहो, अजून टोचलंत कुठे?" तिच्या स्वतःबद्दल मात्र कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "काही नाही, बरी आहे." ताप असला तरी बरी, दाढ ठणकत असली तरी बरी.

"तुझी मान कापून तुझ्याच हातात दिली ना वहिनी, तरी तू बरी आहे म्हणशील," असं तिची नणंद म्हणायची.

घरी या दोघीच होत्या. मऊताईचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला तेव्हा त्याची धाकटी बहीण चार दिवस सोबतीला म्हणून आली, ती राहिलीच. तिला सगळे छोटी म्हणत. छोटी म्हणजे नावालाच. दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागे, आणि ती हसली की वरच्या मजल्यावरचे लोक खाली वाकून बघत. पडदे शिवायचा तिचा धंदा होता. बाहेरच्या खोलीत कापडाचे तागे उभे असत आणि मऊताई संध्याकाळी घरी आली की त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाकघरात जाई. गॅसवर दूध ठेवून ती तंद्रीत गेली की ते उतू जायचं, आणि मशीनवरूनच छोटी ओरडायची, "वहिनी, ये परत!"

तंद्री हा मऊताईचा जुना छंद होता म्हणा ना. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र सुरू झालं, की त्याच्या घरघरीत तिचे डोळे उघडे असूनही ती कुठल्या कुठे जायची. यंत्र थांबलं की रक्ताचे दोन भाग झालेले असत, खाली गडद लाल, वर फिकट मधासारखं. ती नळी उजेडाकडे धरून बघायची. एवढ्याशा त्या पिवळ्या पाण्यात एका माणसाच्या आतली सगळी बातमी असते, याचं तिला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटायचं.

तशीच एक बातमी प्रयोगशाळेच्या प्रमुख गेली चार वर्षं शोधत होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. हृदयातून जी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी निघते, महाधमनी, तिच्या भिंतीचा आतला थर कधीकधी अचानक फाटतो. दुखणं छातीत किंवा पाठीत येतं. कुणाला वाटतं हृदयविकार, कुणाला वाटतं पित्त, कुणाला वाटतं उसण भरली. आणि तासातासाला माणूस हातातून निसटत जातो. स्कॅन काढला की कळतं. पण पाठ दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाचा स्कॅन कोण काढणार? म्हणून मोठ्या बाईंना रक्तातच खूण हवी होती. वाहिनी फाटली की तिथे रक्त गोठतं, गोठलेलं पुन्हा विरघळायला लागतं, आणि त्या विरघळण्याचे बारीक तुकडे रक्तातून वाहत येतात. त्या तुकड्यांची मोजणी म्हणजे डी-डायमर. आकडा पाचशेच्या आत असला तर बहुतेक वेळा निश्चिंत व्हावं; हजारांत गेला तर हातातलं काम टाकून विचार करावा. आणखीही तीन-चार खुणा त्या तपासत होत्या, पण त्यांची नावं घेताना मऊताईची जीभ अडखळायची.

आजाऱ्यांचं रक्त ताडून बघायचं तर निरोगी माणसांचंही रक्त लागतं. पन्नाशी ओलांडलेली, धडधाकट अशी तीस माणसं बाईंना हवी होती. सव्वीस मिळाली आणि मग गाडी अडली. रुग्णालयात निरोगी माणूस शोधणं सोपं नसतं.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की खिडक्यांतून पायसुद्धा दिसत नव्हते. नुसते आवाज येत होते, टाचांचे, कुण्या चाकाच्या खुर्चीचे, आणि काचेपलीकडे दुधट काहीतरी संथपणे सरकत होतं. साडेआठच्या सुमाराला मऊताई नळ्यांचं खोकं काढायला स्टुलावर चढली. हात वर केला, बोटं खोक्याला लागली, आणि त्याच क्षणी पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, काहीतरी टरकन गेलं.

टरकन, हाच शब्द तिच्या मनात आला. मग कुणी गरम बोट मणक्याच्या कडेने ओढत न्यावं तशी एक रेघ कंबरेपर्यंत उतरली. तिचा श्वास अडकला. बाहेरचं धुकं सगळं आत शिरल्यासारखं झालं. फळीला धरून ती तशीच उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. हळूहळू ते दुखणं ओसरलं आणि मागे एक बोथट, दूरचा ठणका तेवढा राहिला, शेजारच्या घरात कुणी भिंतीत खिळा ठोकत असावं तसा.

"उसण भरली," ती स्वतःशीच म्हणाली आणि खोकं घेऊन खाली उतरली.

पुढचा तासभर कसा गेला हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. उलट सगळंच मऊ झालं होतं. टेबलाच्या कडा, काचेचे आवाज, स्वतःची पावलं. पाण्याखाली चालावं तसं चालणं. भिंतीवर मोठ्या बाईंनी लावलेला तक्ता होता: 'अचानक आलेली, फाटल्यासारखी वेदना.' चार वर्षं ती तो तक्ता रोज पुसत होती. त्या दिवशीही तिने तो पुसला.

"अगं, तू किती वर्षांची?" मोठ्या बाईंनी दारातूनच विचारलं.

"त्रेपन्न."

"आणि मी खुळ्यासारखी सगळ्या इमारतीत निरोगी माणसं शोधत फिरतेय! बस इथे. बाही वर कर."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. साखर आहे का, नाही. रक्तदाब, थोडा, पण गोळी चालू. आज कुठे दुखतंय का? मऊताईच्या पेनने सवयीने 'नाही'वर खूण केली. खूण करताना तिला क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं झालं, जिभेवर आलेलं नाव निसटावं तसं, पण ते गेलं. बाईंनी उजव्या हातातून रक्त घेतलं. त्यांचा हात काही मऊ नव्हता.

"दुखलं?"

"काही नाही."

नळीवर चिठ्ठी तिने स्वतःच चिकटवली. निरोगी, क्रमांक सत्तावीस. नावांची यादी बाईंच्या कपाटात कुलूपबंद असे. यंत्राला आणि कागदाला फक्त आकडे माहीत असत. तिने नळी फिरवली, वरचं पिवळं पाणी यंत्रात लावलं आणि घरघर ऐकत बसली. डावा हात गार पडलाय असं तिला वाटलं. तळघरच ते, गार असायचंच.

दहा वाजता मोठ्या बाई चष्मा कपाळावर चढवून यंत्रासमोर उभ्या होत्या.

"हा सत्तावीस नंबर गंडलाय. नऊ हजार आठशे!" त्या म्हणाल्या. "निरोगी माणसाचा नऊ हजार? नळी बदललीये कुठेतरी. वॉर्डातली मिसळली असेल. फेकून दे ती, दुसरी घेऊ."

मऊताईने नळी हातात घेतली. चिठ्ठीवरचं अक्षर तिचंच होतं. सकाळपासून वॉर्डातली एकही नळी त्या टेबलावर आली नव्हती, कारण धुक्यामुळे सगळं उशिरा चाललं होतं. कचऱ्याचा पिवळा डबा पायाशीच होता. झाकण उघडायला पायाने दाबायचं फक्त. बाई सांगतायत, टाकून द्यावी. उगाच कुणाला त्रास कशाला? दुसरी घेतली की येईल बरोबर.

पाय झाकणाच्या दांड्यावर तसाच राहिला. ती जणू स्वप्नात होती, आणि स्वप्नात कधीकधी आपणच लांबून आपल्याला दिसतो, तशी तिला एक बाई दिसली: स्टुलावर चढलेली, हात वर केलेली, फळीला धरून उभी. टरकन. गरम रेघ. खाली, खाली. तिने तक्त्याकडे पाहिलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तो वाचला.

"बाई," ती म्हणाली, "सत्तावीस म्हणजे मी."

"तू असशील गं, पण नळी..."

"नळी बदललेली नाही. सकाळी साडेआठला माझ्या पाठीत काहीतरी फाटलं."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. तिला खुर्चीत बसवलं आणि समोर गुडघ्यांवर बसून तिची दोन्ही मनगटं एकदम हातात घेतली. डोळे मिटले. मऊताईला तो क्षण फार शांत वाटला. सकाळचं रक्त घेणं सोडलं तर इतक्या वर्षांत बाईंचे हात तिला कधी लागले नव्हते. उजव्या मनगटातली नाडी टपटप लागत होती. डाव्या मनगटात बाई शोधत राहिल्या, बोटं जरा सरकवत, पुन्हा सरकवत.

"चल वर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता. "नाही, चालायचं नाही. खुर्ची आणते."

"अहो बाई, मी चालेन की. बरी आहे मी."

"पुन्हा बरी आहे म्हणालीस तर तोंडाला चिकटपट्टी लावीन."

तातडीच्या विभागात त्या वेळी ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तीन महिन्यांपूर्वीच लागलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण हात चलाख. तिने हृदयाचा आलेख काढला. स्वच्छ. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर रक्तात जे वाढतं, त्याची तपासणी केली. तीही स्वच्छ.

"आता दुखतंय का, ताई?"

"नाही. म्हणजे, तसं काही नाही."

"धाप?"

"जराशी."

तरुण डॉक्टर मोठ्या बाईंकडे वळली. "मॅडम, डी-डायमर शंभर कारणांनी वाढतो. ताप, जखम, पायात गुठळी. मला वाटतं गुठळी फुप्फुसात गेली असावी. रक्त पातळ करायचं इंजेक्शन देऊन ठेवते, दुपारी स्कॅनची वेळ मागते."

"आत्ता स्कॅन कर. महाधमनीचा."

"एका आकड्यावरून? मॅडम, तुम्हीच शिकवलंय आम्हाला. आकड्याचा स्कॅन काढायचा नसतो, माणसाचा काढायचा."

हे मोठ्या बाईंनी खरंच शिकवलं होतं. नाडीचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन भरून आली. वाहिनी फाटलेली असताना रक्त पातळ केलं तर ते थांबता थांबत नाही, हे त्या तिघींनाही माहीत होतं आणि मऊताईलाही. सिस्टर कापसाचा बोळा दंडावर फिरवू लागली. गार, ओला, ओळखीचा वास. मऊताईला वाटलं, आपण डोळे मिटून घ्यावेत. या बायका शहाण्या आहेत, बघतील काय ते. किती मऊ होतं सगळं.

"थांबा," ती म्हणाली.

ती इतकी हळू बोलली की सिस्टरला वाकावं लागलं. "थांबा. मी खोटं बोलले. मला दुखतंय. सकाळी साडेआठला हात वर केला तेव्हा इथे, मधोमध, कापड फाटतं तसं टरकन झालं. एका झटक्यात. मग खाली उतरलं, कंबरेपर्यंत. आता कमी आहे पण गेलेलं नाही. डावा हात गार आहे. आणि सगळं लांबून दिसतंय मला. तुम्हीसुद्धा."

तरुण डॉक्टरचं पेन थांबलं. तिने मऊताईकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"सवय नाही," मऊताई म्हणाली.

डॉक्टरने स्वतःच रक्तदाबाचा पट्टा घेतला. उजव्या दंडावर एकशे साठ. डाव्या दंडावर एकशे आठ. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. डाव्या हाताकडे जाणारं रक्त आत कुठेतरी अडत होतं. मग तिने सिस्टरच्या हातातलं इंजेक्शन काढून घेतलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि फोन उचलून इतक्या ठामपणे बोलली, की तीन महिन्यांपूर्वी लागलेली ती हीच का असं वाटावं. "स्कॅन. आत्ता. नाही, टेबलावरच्या माणसाला उतरवा."

स्कॅनच्या पांढऱ्या कड्यातून आत सरकताना मऊताईला वाटलं, बाहेरचं धुकं असंच असणार, गोल आणि गुणगुणणारं. कुणीतरी सांगितलं श्वास धरा, तिने धरला. कुणीतरी सांगितलं सोडा. नंतर पडद्यामागून कुजबुज आली आणि धावणारी पावलं.

छोटी आली तेव्हा गळ्यात मोजपट्टी तशीच होती आणि ओढणीला टाचण्या टोचलेल्या होत्या. सर्जन बुटका, झोपाळू डोळ्यांचा माणूस होता. छोटीशी बोलताना त्याला मान वर करावी लागली. तो सांगू लागला की मोठ्या वाहिनीच्या भिंतीला थर असतात, त्यातला आतला सुटलाय, आणि रक्त दोन थरांच्या मधे शिरतंय.

"म्हणजे अस्तर उसवलंय," छोटी म्हणाली.

सर्जन थबकला. "हो. अगदी तसंच."

"मग नुसतं शिवून भागेल, का तुकडा घालणार?"

"तुकडा घालावा लागेल. खराब भाग काढून कापडाची नळी बसवायची. विणलेलं पॉलिस्टर."

"पॉलिस्टर?" छोटीने डोळे मोठे केले. "वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगतेय, पॉलिस्टर टिकतं म्हणून. आटत नाही, विटत नाही. बघा बाई." आणि मग, तेवढं बोलून झाल्यावर, तिच्या एवढ्या मोठ्या चेहऱ्याचं काय करावं हे तिलाच कळेना. तिने मऊताईचा गार हात दोन्ही हातांत घेतला. "डॉक्टर, टाके बारीक घाला हं. घाई करू नका."

"छोटे," मऊताई म्हणाली.

"बोलू नकोस. बरी आहे म्हणणार असशील तर मुळीच बोलू नकोस."

"मला भीती वाटतेय."

छोटीने मान हलवली. "मलाही," ती म्हणाली. "असू दे. दोघींना वाटू दे."

दुपारचा एक वाजून गेला होता जेव्हा तिला आत नेलं.

त्यानंतर मऊताई फार खोल गेली. तिथे एक लांबलचक खोली होती, रक्ताचे नमुने गोठवून ठेवायच्या पेटीच्या आतल्यासारखी, पण गार नव्हती. दोन्ही बाजूंनी माणसं बाकांवर बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात एक छोटी नळी होती. चेहरे तिच्या ओळखीचे नव्हते; ती कधी त्यांना भेटलीच नव्हती. पण आकडे पाठ होते. एकोणीस. बावन्न. एकशे चौदा. चार वर्षं तिने ज्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या ती ही सगळी. कुणी वाचलेलं, कुणी न वाचलेलं. कोण कुठलं ते इथे कळत नव्हतं. ती एकेकाच्या समोर थांबत गेली. "दुखतंय का?" तिने विचारलं, आणि प्रत्येकाने तिला नीट, सविस्तर सांगितलं, कुठे, कसं, केव्हापासून. कुणीही 'काही नाही' म्हणालं नाही. ती ऐकत राहिली. कुणालाही घाई नव्हती. खोलीच्या टोकाला तिचा नवरा पाठमोरा उभा होता, बाहीचं बटण लावत. ती हाक मारणार होती, पण एकशे चौदाचं बोलणं अजून संपलं नव्हतं, आणि मधेच उठून जाणं बरं दिसलं नसतं.

"ताई. ताई, डोळे उघडा."

घशात नळी होती. छातीवर कुणी दगडी पाटा ठेवल्यासारखं. दुसऱ्या दिवसाची सकाळ होती, आणि समोर तरुण डॉक्टर. तिची ड्युटी केव्हाच संपली होती, तरी ती घरी गेलेली नव्हती.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

मऊताईने जोरात मान हलवली. हो, हो, हो.

डॉक्टर हसली आणि तिने औषधाची मात्रा वाढवायला सांगितलं.

साडेपाच तास लागले होते. नंतर सर्जनने छोटीला सांगितलं की आणखी दोन-तीन तास गेले असते, किंवा ते इंजेक्शन दिलं गेलं असतं, तर ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं. छोटीने ते मऊताईला सांगितलं, मग मऊताईला सांगितलं म्हणून स्वतःलाच बोल लावले, मग बाहेर जाऊन रडून आली, आणि परत येऊन म्हणाली की वॉर्डातले पडदे कुणी शिवलेत, झालर सगळी वाकडी आहे.

बरं होणं सोपं नव्हतं. पंधरा दिवसांनी घरी सोडलं, पण जिना चढायला महिना लागला. छातीच्या कापून जोडलेल्या हाडाचा सांधा खोकला आला की किंचाळायचा. कितीतरी दुपारी मऊताई कापडाच्या ताग्यांमधे खाटेवर पडून असे. मशीन खडखडत असे आणि खिडकीवर टांगून बघितलेल्या पडद्यांतून उजेड निळा, पिवळा, पुन्हा निळा होई. ती झोपेत आणि जागेपणात अशी ये-जा करत राहायची. कधी घाबरून उठायची, छातीवर हात ठेवून. मग छोटी मशीन थांबवायची.

"कुठे दुखतंय?"

"इथे. आणि पाठीत थोडं. सकाळपासून."

"कालच्यापेक्षा जास्त?"

"नाही. कालच्यासारखंच."

"मग गोळी घे, आणि मला दोन्ही हातांचा रक्तदाब बघू दे." छोटीने पट्टा विकत आणला होता आणि आता ती बिल्डिंगमधल्या कुणालाही सोडत नव्हती. पडद्याचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांचेही दोन्ही दंड मोजून व्हायचे. एका गृहस्थाने विचारलंही, "पडद्याला दंडाचं माप कशाला?"

एकदा मोठ्या बाई भेटायला आल्या. खाटेशेजारी बसत त्या म्हणाल्या, "तुझा फॉर्म आहे माझ्याकडे. दुखतंय का, नाही, अशी खूण आहे त्यावर. निरोगी माणसांत तुला ठेवता येत नाही. आजाऱ्यांत घालावं, तर त्यांचं रक्त पेशंट म्हणून घेतलेलं असतं. नियमात बसत नाहीस तू कुठेच."

"मग?"

"मग काय, वगळलं. अभ्यासात तू नाहीस." त्यांनी चष्मा पुसला. "मी नळी फेकून दे म्हणाले होते. ते माझ्या डोक्यातून जात नाही."

"मी फेकणारच होते, बाई," मऊताई म्हणाली. "पाय दांड्यावर होता माझा."

मग छोटीने चहा आणला आणि मोठ्या बाईंचा दंड मागितला.

चौथ्या महिन्यात मऊताई कामावर परत गेली. उंचावरचं काही काढायचं नाही, जड उचलायचं नाही, एवढं सोडलं तर बाकी सगळं तेच होतं. पेशंटना सुई टोचताना ती आता "झालं हं" म्हणायच्या आधी विचारायची, "दुखलं? खरं सांगा," आणि काही पेशंट गोंधळून जायचे.

एका दुपारी तरुण डॉक्टर जिना उतरून खाली आली. तातडीच्या विभागातून रक्त एरवी कुणाच्या तरी हाती यायचं, पण ही नळी तिने स्वतःच मुठीत धरून आणली होती.

"बेकरीत काम करणारे एक गृहस्थ आलेत," ती म्हणाली. "पिठाचं पोतं उचलताना पाठीत कळ आली. दोन्ही हातांचे रक्तदाब सारखे आहेत, आलेख चांगला आहे. मला वाटतं उसणच आहे. पण आत्ता लावाल का हे?"

"बसा," मऊताई म्हणाली. "पंधरा-वीस मिनिटं लागतील."

नळी फिरू लागली. डॉक्टर खुर्चीत बसली, आणि दोन मिनिटांत तिची मान छातीवर पडली. मऊताईने टेबलावरचा फोन उचलून बाजूला ठेवला, खुर्चीजवळची ट्रॉली आवाज न करता सरकवली आणि कोपऱ्यातला दिवा मालवला. यंत्राची घरघर, डॉक्टरचा संथ श्वास, बाकी काही नाही. मऊताईचे डोळेही जडावले, पण ती जागी राहिली. वेळ झाली तेव्हा पडद्यावर आकडा आला, तो तिने दोनदा वाचला आणि डॉक्टरच्या खांद्याला हलकेच हात लावला.

"एकशे नव्वद."

डॉक्टर दचकून उठली. "किती?"

"एकशे नव्वद. आणि तुम्ही म्हणालात, हात सारखे आहेत."

"हो. मी दोनदा मोजले." तिने चेहऱ्यावरून तळवे फिरवले. तिच्या गालावर बाहीच्या घडीचा वळ उठला होता. "म्हणजे उसणच. घरी सोडते त्यांना. खूप घाबरलेत हो. बायको बाहेर बसून आहे, तिला आधी सांगते."

"सांगा," मऊताई म्हणाली. "आणि पुन्हा दुखलं तर लगेच या म्हणावं. अंगावर काढू नका म्हणावं."

डॉक्टर दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. मऊताईने आकडा वहीत उतरवला, नळी जागेवर ठेवली आणि पुढची हातात घेतली.